तिसऱ्या स्क्रीनच्या अलीकडे

३ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की सुरुवात कशी झाली, तर आठवत बसायला नको.

संकल्प एकच. महिना संपायच्या आत प्रॉडक्ट डिझायनर व्हायचं. ॲपवर कुठलं बटण कुठे असावं, माणसाने आधी काय बघावं, मग कुठे बोट ठेवावं, हे सगळं ठरवणारा तो प्रॉडक्ट डिझायनर. थोडक्यात, लोकांना न कळता त्यांच्यावर हुकूम चालवायचा. मला जमेल. आत्तापर्यंत कोणी संधी दिली नाही एवढंच.

कार्डं छापून आणली. 'सीनियर प्रॉडक्ट डिझायनर.' छापणाऱ्याने विचारलं, कुठल्या कंपनीत? म्हटलं, ते ठरायचंय. मग तो म्हणाला, तोवर सीनियर तरी काढू का. लोकांना दूरचं दिसत नाही.

एक गठ्ठा कायम पॅन्टच्या खिशात ठेवायचा. संधी सांगून येत नसते.

३ मार्च, दुपार

ताईने आज मुदत घातली. तिच्या हॉलमधल्या सोफ्यावर मी तात्पुरता आहे, हे दोघांनाही मान्य आहे. तात्पुरता कधीपासून, यावर मतभेद आहेत. महिनाअखेरपर्यंत नोकरी, नाहीतर मामाकडे.

मामाचं गोदाम आहे. फ्रिज आणि वॉशिंग मशीन ठेवायचे पुठ्ठ्याचे खोके. आत काही नाही, नुसते खोके. मी तिथे एकदा चार दिवस काढले होते. मामाने लगेच फोन करून सांगितलं की ये बाबा, सोफ्यावर पडून राहण्यापेक्षा खोका हो, निदान घडी घालून कोपऱ्यात ठेवता येतो. आणि स्वतःच बराच वेळ हसला.

नाही जाणार.

५ मार्च

पहिला राउंड झाला. फोनवर. बाईचा आवाज इतका गोड की मी तिला तेच नाव दिलं.

कंपनीचं ॲप असं: घरातली वस्तू बिघडली की मेकॅनिक बोलवायचा. गोड आवाज म्हणाली, स्वतःबद्दल थोडं सांगा. मी मोबाइल कव्हरच्या दुकानापासून सुरुवात केली, मग फोटो स्टुडिओ, मग ती बोट रंगवायची नोकरी, तिथून रोलर स्केट्सकडे कसा वळलो ते. कॉलेजचं विचारलं. म्हटलं, दुसऱ्या वर्षी आमचं एकमेकांशी पटेना. ती हसली. शेवटी म्हणाली, दुसऱ्या राउंडला सगळ्यांनाच बोलावतोय.

सगळ्यांना म्हणजे निवडक सगळ्यांना. बोलण्याच्या सुरावरून कळतं.

६ मार्च

ताईचं वॉशिंग मशीन बंद पडलं. गुरगुरलं, थरथरलं आणि पोटात पाणी घेऊन गप्प बसलं. आत माझी पॅन्ट होती, त्यामुळे खरं नुकसान माझं. दाजींनी मगाने पाणी उपसलं. मी टॉर्च धरला होता. मध्येच भिंतीवर सावल्यांचा ससा करून बघितला, छान झाला, पण दाजींना तेवढ्यात प्रकाश हवा होता.

ताई म्हणाली, तू ज्या कंपनीत शिरणार आहेस ना, तिच्याच ॲपवरून मेकॅनिक बोलव. दाजी म्हणाले, मी फोन लावतो, ओळखीचा आहे एक. ताई म्हणाली, तुम्ही मध्ये पडायचं नाही. एवढं एक काम याला करू दे, बघू किती दिवस लागतात.

किती दिवस! दोन मिनिटांचं काम आहे.

७ मार्च

बुकिंग सुरू केलं. पहिला स्क्रीन: काय बिघडलं? मशीन. दुसरा: पत्ता. तिसरा: मशीनचा मॉडेल नंबर. तो मागच्या बाजूला स्टिकरवर असतो. उठलो. मशीन भिंतीला चिकटून. सरकवलं तर मागे माझा हरवलेला इअरफोन! डावा. उजवा कुठे ठेवला होता ते शोधायला गेलो. सापडला. चालतोय का बघायला बाहेर पडलो. चालतोय. दोन्ही. नदीपर्यंत आवाज स्वच्छ.

बुकिंग उद्या.

कार्डांचा गठ्ठा दिसत नाही. बहुतेक वाटून संपला. नेटवर्किंग म्हणतात ते हेच.

१० मार्च

दुसरा राउंड. व्हिडिओ कॉलवर पोर्टफोलिओ दाखवायचा होता. समोर डिझाइनची प्रमुख बाई. तिची डावी भुवई स्वतंत्र चालते. ही भुवईबाई.

पोर्टफोलिओत तीन कामं. जिमची पाटी, मोबाइल कव्हरच्या दुकानाची पाटी आणि माझी स्वतःची कल्पना: न वाजणारं अलार्म घड्याळ. घरातल्या इतरांची झोप मोडू नये हा विचार. भुवईबाईने विचारलं, हे कोणी वापरून बघितलं का. म्हटलं, मी. मग जाग आली का? म्हटलं, ते आम्ही मोजलं नाही.

भुवई वर गेली ती राउंड संपेपर्यंत खाली आली नाही. छाप पडली.

एकच गडबड. माझ्यामागे हॉलभर दोरी, दोरीवर दाजींचे लेंगे. बाईने विचारलं, मागे काय आहे? म्हटलं, मशीन बिघडलंय, तुमच्याच ॲपवरून मेकॅनिक बोलावतोय. कधीपासून? म्हटलं, सुरू आहे. तर ती एकदम पुढे वाकली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं अलार्मबद्दलच. सुचलेलं लगेच लिहून ठेवणारी बाई दिसते.

१२ मार्च

तिसऱ्या राउंडला पोचलो! गोड आवाज म्हणाली की खरं तर दोन मतं होती, पण मॅडमनी आग्रह धरला.

आता असाइनमेंट. पुष्कळ लोक बुकिंग तिसऱ्या स्क्रीनपर्यंत करतात आणि तिथून निघून जातात. का जातात? पाच माणसांशी बोला, शोधून काढा आणि ऑफिसात येऊन सांगा.

किती सोपं! का जातात म्हणे. आळस, दुसरं काय. लोकांचं कशात लक्ष नसतं हल्ली.

१३ मार्च

संशोधन. पाच माणसं गोळा करत फिरण्यात अर्थ नाही, त्यात वेळ जातो. दाजी घरातलेच आहेत. त्यांना पाच वेळा विचारलं. दर वेळी वेगळा माणूस व्हा म्हणून सांगितलं. दाजींना आवडलं. म्हातारे गृहस्थ झाले तेव्हा खोकले. कॉलेजचा मुलगा झाले तेव्हा सोफ्यावर आडवे होऊन उत्तरच देईनात. म्हणाले, समोर नमुना होता म्हणून जमलं. नोकरी करणारी बाई झाले तेव्हा माझ्यावर ओरडले. घाईतले साहेब झाले तेव्हा, वेळ नाही, म्हणाले आणि खरोखरच ऑफिसला निघून गेले. पाचवा माणूस राहिला. संध्याकाळी करू.

ताई बादलीत कपडे आपटत होती. म्हणाली, अरे भटक्या, तू स्वतः ते ॲप एकदा शेवटपर्यंत वापरून बघ ना. तुझाही अभ्यास होईल, माझंही मशीन होईल.

तिला समजावलं की डिझायनरने युजर व्हायचं नसतं. अंतर राखावं लागतं. ती म्हणाली, मग माझ्या सोफ्यापासूनही राख.

१५ मार्च

ताईच्या समाधानासाठी बुकिंग पुन्हा हाती घेतलं. पहिला स्क्रीन, दुसरा स्क्रीन, तिसरा. उठलो. मशीनमागे वाकलो तर वर खिडकी. खिडकीबाहेर क्रेन. क्रेनवाला तेवढ्या उंच आपल्या खुर्चीत कसा पोचतो हे मला आजवर कधीच कळलं नव्हतं. आता कळलंय. आतून शिडी असते. तो डबा दोरीने वर ओढतो. एक वाजता खातो.

खाली जाऊन त्याच्याशी बोललोही. कार्ड द्यायला खिशात हात घातला, एकही नाही.

१६ मार्च

पाचवा माणूस झाला. दाजी म्हणाले, मी तुझी ताई होतो. आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संशोधनात घ्यावं का, विचार करतोय.

१८ मार्च

शर्ट संपले. एक पिवळा उरलाय, तो मुलाखतीसाठी राखून ठेवला आहे. घरात दाजींचा बनियन घालून बसलो. ताई आता माझे कपडे धूत नाही. म्हणाली, बादली तिथे आहे, साबण तिथे आहे, नवीन पद वाटेल ते असो.

दाजी बाजूला घेऊन कुजबुजले की मेव्हणे, मी गुपचूप माझ्या माणसाला बोलावतो, तिला सांगू की तूच बोलावलास. मी नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय ताईला कळलंच असतं.

तिसरा प्रयत्न केला. या वेळी फोन मशीनच्या मागे पडला. तो काढायला काठी हवी म्हणून गच्चीवर गेलो. गच्चीवरून अख्खा रस्ता दिसतो.

१९ मार्च

उद्या सादरीकरण. स्लाइड्सचा फॉन्ट ठरवला. आता फक्त स्लाइड्स.

२० मार्च, संध्याकाळ

काय दिवस गेला! सविस्तर लिहायलाच हवं.

ऑफिस सातव्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर राखाडी स्कार्फवाली एक मुलगी तोंडातल्या तोंडात पाठ करत बसली होती. तीही याच जागेसाठी. बिचारी घाबरलेली. मी तिला सांगितलं, टेन्शन घेऊ नकोस, बटणं निळी कर. ती म्हणाली, थँक्यू. मग मला विचारलं, तुमच्या शर्टाला आतून लेबल असतं ना, ते आज बाहेर का आहे?

आत तिघं. भुवईबाई, गोड आवाज (प्रत्यक्षात आवाजापेक्षा करडी) आणि हुडी घातलेला एक इंजिनियर. मी जोरात सुरुवात केली. तिसऱ्या स्क्रीनवर लोक कंटाळतात, कारण तो करडा आहे. उपाय: निळा करा. मागे हलकं संगीत. कोपऱ्यात एक ससा, मधूनमधून कान हलवणारा.

हुडी म्हणाला, ठीक, आणि तुमच्या मते चौथ्या स्क्रीनवर काय बदलावं?

मी विचारलं, चौथा आहे?

भुवई वर. हुडीने विचारलं, तुम्ही आमचं ॲप शेवटपर्यंत वापरलेलं नाही का? म्हटलं, वापरतोच आहे, पण दर वेळी ते मॉडेल नंबर विचारतं, मग उठावं लागतं, मशीनमागे जावं लागतं, तिथे इअरफोन असतो. एकदा क्रेन होती. एकदा फोनच पडला. परत येईपर्यंत कशासाठी उठलो होतो ते कोणाच्या लक्षात राहणार? ते जाऊ द्या, सशाकडे येतो.

भुवईबाई म्हणाली, ससा राहू दे. उठलात, तिथून पुन्हा सांगा.

सांगितलं. ती म्हणाली, करून दाखवा. मी खुर्चीतून उठलो, कपाटामागे वाकलो, तिथून खिडकीकडे गेलो. तिथूनही क्रेन दिसते! वेगळी. तीही बघितली. वळून बघतो तर हुडी फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहून उभा: 'उठतो.' गोड आवाज वहीत भराभर लिहीत होती. भुवईबाई हुडीला म्हणाली, वर्षभर डोकं फोडत होतो ना आपण? आणि चक्क टाळी दिली.

सादरीकरणाला टाळ्या! तेही ससा पूर्ण न दाखवता. मला वाटतं, निळ्या रंगानेच काम केलं.

घरी येऊन ताईला सांगितलं, झालं म्हणून समज. ती पिळत होती ते सोडून उभी राहिली. खरंच? असं विचारताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. मग ओल्या हातानेच माझ्या पाठीवर एक थाप दिली. पिवळ्या शर्टावर पंजा उमटला. दाजी म्हणाले, साहेब, सोफा सोडताना उशी राहू द्या.

मामालाही फोन केला. म्हटलं, खोक्यांना माझा नमस्कार सांग. मामा म्हणाला, पत्र हातात आलं की सांग.

२३ मार्च

मेल नाही. पत्र तयार करायला वेळ लागत असेल. सीनियर लोकांच्या पत्रात बरंच काही घालावं लागतं.

२४ मार्च

मेल नाही. मेलचं ॲप निळं आहे, बघा. मी म्हणतच होतो.

ताई विचारत नाही. फक्त दर वेळी माझ्या फोनचा आवाज आला की नळ बंद करते.

२५ मार्च

आलं! गोड आवाजाचा मेल. 'आणखी एका छोट्या सत्रासाठी येऊ शकाल का? स्वतःचा फोन घेऊन या.' नोकरीचा उल्लेख नाही. इतक्या मोठ्या गोष्टी मेलवर बोलत नाहीत. समोर बसवून सांगतात.

दाजींचा टाय मागून घेतला. बांधायला त्यांनाच लावलं. ते म्हणाले, मेव्हणे, गाठ मी मारून देतो, पण सोडायची नाही, परत तशीच आणून द्यायची.

२७ मार्च

सत्र झालं. छोटी खोली, एक टेबल, एक खुर्ची. एका भिंतीला काच, काचेपलीकडे माणसं. किती माणसं ते दिसत नव्हतं, पण मॅनेजमेंटच असणार. भुवईबाई आत माझ्या शेजारी. म्हणाली, समजा तुमचं मशीन बिघडलंय, ॲपवरून मेकॅनिक बोलवा, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. पुढेही काहीतरी म्हणाली. मी तेव्हा छताकडे बघत होतो. तिथे एक डाग आहे, अगदी बोटीच्या आकाराचा.

आज दाखवूनच देतो म्हटलं. पहिला स्क्रीन. दुसरा. तिसरा थोडा बदललाय. मॉडेल नंबरच्या खाली आता एक मोठं बटण आलंय: 'माहीत नाही, मेकॅनिक बघेल.' कोणाच्या तरी डोक्यातून निघालं असेल. रंग मात्र तोच करडा! इतकं समजावून! मी ते मोठ्याने बोललोही. मग ते बटण दाबलं. चौथा स्क्रीन आला. बरा आहे. वेळ निवडली, दाबलं, पाचवा आला, दाबलं. संपलं.

काचेपलीकडून ओरडा ऐकू आला. आनंदाचा. हुडी दार उघडून आत आला आणि माझा हात हलवायला लागला. भुवईबाईच्या दोन्ही भुवया एकदम वर. पहिल्यांदाच.

मग ती जरा वेळाने म्हणाली की शेवटचं बटण दाबू नका म्हणून सांगितलं होतं, ॲप खरं आहे, बुकिंग खरं झालं. म्हटलं, असू दे, मशीनही खरंच आहे.

निघताना विचारलं, परत कधी येऊ? ती म्हणाली, आता गरज नाही, तुमच्यामुळे आमचं काम झालं. कंपनीचं नाव असलेला एक मग दिला. कर्मचाऱ्यांनाच देत असणार. हुडीकडेही तसाच होता.

२८ मार्च

मेल. ही जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. वेळ दिल्याबद्दल आभार. तुमच्यासारखा युजर मिळणं दुर्मीळ असतं.

दुसरा उमेदवार म्हणजे राखाडी स्कार्फवाली. सत्राच्या दिवशी तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. मला वाटलं होतं, पाहुण्यांना देतात. तिने बटणं निळी केली असणार. स्पर्धेत सल्ला देऊ नये, हे लक्षात ठेवायला हवं.

ताईला सांगितलं. मनात होतं, ती ओरडेल. ती, बरं, म्हणाली आणि माझी उशी झटकून ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च

सकाळी बेल वाजली. मेकॅनिक. बुकिंगवाला. ताई त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्याला घरी जन्माला घातलाय. दाजींनी घड्याळ बघितलं आणि कॅलेंडरही.

मेकॅनिकने मशीन आडवं केलं, खालची टोपी काढली आणि पंपातून एक लगदा ओढला. मुठीएवढा, पांढरा, घट्ट. म्हणाला, कागद आहे. कोणीतरी खिसे न बघता कपडे टाकलेत. त्याने लगदा फोडला. मधोमध एक तुकडा बऱ्यापैकी शाबूत होता. ताईने तो उजेडात धरला. बाकी सगळं धुऊन गेलं होतं. फक्त 'सीनियर' राहिलं होतं.

दाजी किचनमध्ये गेले. तिथून बराच वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. ताई आधी नाही हसली. मग तिने त्या तुकड्याकडे पुन्हा बघितलं आणि तिला जमिनीवर बसावं लागलं. मेकॅनिकने पाणी आणू का विचारलं.

छपाईची शाई मात्र चांगली होती. हे मान्य करावंच लागेल.

मशीन सुरू झालं. ताईने पहिल्या फेरीला माझेच शर्ट टाकले. खिसे तपासून.

३० मार्च, सकाळ

बस नऊची. बॅग ताईने भरली. सगळे कपडे स्वच्छ, घड्या एकसारख्या. वरच्या कप्प्यात मग ठेवलाय आणि मगात तो 'सीनियर'वाला तुकडा, वाळवून. दाजींनी टाय देऊन टाकला, गाठ मारलेलाच.

एकूण अनुभव उत्तम. चारही राउंड पार केले, निवड तेवढी राहिली. पुढच्या वेळी कार्डं लॅमिनेट करायची.

३० मार्च, संध्याकाळ

पोचलो. मामाने गोदामाच्या दारातच मिठी मारली आणि लगेच कामाला लावलं. वॉशिंग मशीनचे नवे खोके आलेत, प्रत्येकावर मॉडेल नंबरचं स्टिकर चिकटवायचं. मामा म्हणाला, तू एवढा डिझायनर, आता तूच ठरव कुठे लावायचं. तू सांगशील तिथे आजपासून गोदामभर लागेल.

माझा पहिला निर्णय. चांगला विचार केला, खोक्याला एक फेरी मारली.

म्हटलं, मागच्या बाजूला. पुढून बरं दिसत नाही.